‘शेड्यूलमधली ओळ उडवा, काही होत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

‘बिमच्या नावाखाली लूट, सिव्हिलच्या मुलांनो सावध व्हा’ असा एक मेसेज सध्या बांधकामवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. बिम म्हणजे इमारतीचं सगळ्या माहितीसकट बनवलेलं संगणकी मॉडेल. मी दुर्लक्ष केलं होतं. पण तो माझ्या भाचीपर्यंत पोचला. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे ती. मेसेज मला पाठवून खाली विचारते, “मामा, मग डेटाबेसचा इलेक्टिव्ह सोडू का?” आता गप्प बसणं शक्य नाही. मी एस्टिमेशनवर पोट भरतो, आणि मेसेज लिहिणाऱ्याने कधी बिल काढलं असेल असं वाटत नाही.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एक, सॉफ्टवेअर म्हणजे ड्रॉइंग बोर्डच, डेटाबेस वगैरे गेल्या काही वर्षांतलं मार्केटिंग. दोन, मॉडेलमधून येणाऱ्या क्वांटिटी खोट्या असतात. तीन, एक्सेल पुरे. चार, शेड्यूल (दारं-खिडक्यांची यादी) हा नुसता तक्ता, नको त्या ओळी बिनधास्त उडवा, ड्रॉइंगला काही होत नाही. पाच, आपल्याकडे नकाशा दिसतो कसा तेच बघतात.

चौथा आधी. बाकीचे नुसते चुकीचे आहेत, हा महागात पडणारा आहे.

रेव्हिट या बिमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लॅन, सेक्शन आणि डोअर शेड्यूल एकाच साठवलेल्या माहितीतून निघतात. शेड्यूलमधली ओळ डिलीट केली की ते दार मॉडेलमधूनच जातं. प्लॅनमधून, एलिव्हेशनमधून, सगळीकडून. शेड्यूल प्रकारवार एकत्र केलेलं असेल, म्हणजे ‘डी१, २४ नग’ अशी एकच ओळ दिसत असेल, तर त्या एका ओळीबरोबर चोवीसच्या चोवीस दारं गेली. सॉफ्टवेअर आधी इशारा देतं, मान्य. पण ‘काही होत नाही’ असं ज्याच्या डोक्यात आधीच भरवलंय तो पोरगा इशारा वाचत बसेल? ओके दाबून मोकळा होईल. दार गेलं की भिंतीतलं भोकही बुजतं. वीटकाम वाढलं, प्लास्टर वाढलं, दारं घटली, आणि हा बीओक्यू, म्हणजे कामांच्या परिमाणांचा तक्ता, टेंडरला गेला की निस्तरा. ओळ नुसती लपवायची असेल तर त्याच शेड्यूलमध्ये फिल्टर आहे हो! हे न सांगता ‘उडवा’ म्हणून सल्ला देणं म्हणजे बेजबाबदारपणाची कमाल आहे.

आता ते ‘मार्केटिंग’. चार्ल्स ईस्टमन या अमेरिकन प्राध्यापकाचा लेख एआयए जर्नल या अमेरिकन आर्किटेक्टांच्या संस्थेच्या मासिकात छापून आला १९७५ साली. ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर बाजारात आलं १९८२ला, रेव्हिटची पहिली आवृत्ती २०००ला. ईस्टमनची तक्रार साधी होती: कागदावर एकच भिंत प्लॅनमध्ये काढायची, पुन्हा सेक्शनमध्ये काढायची, आणि बदल झाला की सगळीकडे हाताने दुरुस्त करायची. त्याऐवजी इमारतीच्या प्रत्येक भागाची नोंद संगणकात एकदाच ठेवा, ड्रॉइंग त्यातून काढून घ्या, क्वांटिटीही त्यातूनच काढा, असं त्याने मांडलं आणि तशी प्रणाली बांधायलाही घेतली. कल्पना पन्नास वर्षं जुनी आहे, कुठल्या कंपनीच्या सेल्समनने ती काढलेली नाही. आणि ‘नुसतं ड्रॉइंग’ म्हणून ज्याचं कौतुक चाललंय त्या ऑटोकॅडच्या फाईलमध्येसुद्धा प्रत्येक रेषेला स्वतःचं हँडल, म्हणजे ओळख क्रमांक, असतं, लेयरचा वेगळा तक्ता असतो, ब्लॉकचा वेगळा. म्हणजे तोही एक डेटाबेसच.

क्वांटिटीच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने कबूल करतो. मॉडेलमधला प्लास्टरचा आकडा जसाच्या तसा बिलात टाकलात तर तो एमबीशी, म्हणजे मोजमाप वहीशी, जुळणार नाही. कारण आपण मोजतो आयएस १२०० या बांधकाम मोजण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे. त्याचा प्लास्टरचा भाग १२ काढून बघा. ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या भोकाची वजावटच नाही. त्याहून मोठं पण ३ चौरस मीटरपर्यंतचं असेल आणि दोन्ही अंगांना एकच प्लास्टर असेल, तर एकाच बाजूची वजावट. ३च्या वर गेलं तर दोन्ही बाजूंची, पण मग जॅम आणि सॉफिट, म्हणजे भोकाच्या आतल्या बाजू आणि वरचा भाग, धरायचे. म्हणजे ०.६ बाय ०.६चा व्हेंटिलेटर सोडून द्यायचा, ०.९ बाय २.१चं दार एका बाजूने वजा, २.४ बाय २.१चं शटर दोन्हीकडून. मॉडेल मात्र तिन्ही भोकं दोन्ही बाजूंनी वजा करून प्रत्यक्ष क्षेत्रफळ देतं. आकडा खोटा नाही, त्याला आपला नियम लावलेला नाही इतकंच. आणि नियम लावायचा तर प्रत्येक भोकाचं माप आणि ते कुठल्या भिंतीत आहे ही नोंद सुटी हवी. आयएफसी या मॉडेलच्या देवाणघेवाणीच्या फाईल-प्रकारात ती तशीच असते: भिंत वेगळी, भोक वेगळं, दार वेगळं, आणि कोण कुणात बसलंय याचं नातंही नोंदलेलं. नुसत्या रेषांच्या चित्रावरून हे काढायचं तर पुन्हा स्केल हातात घेऊन बसा.

एक्सेल? बंगल्याच्या कामाला पुरतं, रेट ॲनालिसिस मीही त्यातच करतो. पण चार प्लॅनर एकाच वेळी कामाच्या एकाच वेळापत्रकावर काम करणार असतील तर प्रायमाव्हेरा हे नियोजनाचं सॉफ्टवेअर लागतं, आणि त्याच्या पोटात ओरॅकल किंवा एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेसच असतो. तेव्हा इलेक्टिव्ह सोडू नकोस गं. मधल्या काळात एक्सेल कच्चं असेल तर तेही पक्कं कर.

राहिला पाचवा. नागपूर मेट्रोने ५डी बिम, म्हणजे वेळ आणि खर्च जोडलेलं मॉडेल, वापरलं, ते सोडा, मोठं काम आहे म्हणाल. पण साध्या इमारतीचा नकाशा ऑटोडीसीआरसारख्या, नकाशा संगणकावर नियमांशी ताडून बघणाऱ्या प्रणालीत तपासायला घालून बघा. प्लॉटची हद्द ठरलेल्या लेयरवर, बांधकामाची रेषा तिच्या लेयरवर, पॉलिलाइन बंद. त्यावरून एफएसआय (प्लॉटच्या मानाने बांधकाम) आणि मार्जिन (सोडायची मोकळी जागा) मोजले जातात. लेयर चुकला तर नकाशा कितीही देखणा असू दे, फाईल परत.