बॅटरी बदला म्हणणाऱ्यांनो, आधी मीटर लावा!

दहा महिन्यांत दोन नव्या बॅटऱ्या. एकदा इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो उतरवून, खोलून परत बसवला. तीन वायरमन झाले. आणि एकानेही, अक्षरशः एकानेही, गाडी बंद असताना करंट किती खातेय ते मीटर लावून बघितलं नाही. माझं डोकं फिरलंय ते यासाठी.

गाडी म्हणजे टूरवाल्याकडून घेतलेली जुनी सतरा सीटर डिझेल. सीटा काढून आत पलंग, ओटा, सिंक, छोटा फ्रीज असं सगळं करून घेतलं. आरटीओचे हेलपाटे वेगळे. आईला आता हॉटेलचे जिने झेपत नाहीत आणि तिला समुद्र बघायचा असतो, म्हणून हा खटाटोप. आतले दिवे, पंखा, फ्रीज यांना वेगळी बॅटरी आहे, तिचा काही त्रास नाही. त्रास स्टार्टरच्या बॅटरीचा. दोन रात्री गाडी उभी राहिली की तिसऱ्या सकाळी नुसतं टक-टक-टक.

गुहागरला तेच झालं. सुरूच्या बनाशेजारी दोन दिवस मुक्काम, सोमवारी पहाटे साडेपाचला निघून कुंभार्ली घाट चढायचा आणि दुपारपर्यंत पुणं गाठायचं असं ठरलेलं. चावी फिरवली, डॅशबोर्डचे दिवे मिणमिणले आणि विझले. आई मागे शाल गुंडाळून बसलेली. तिची बीपीची गोळी दुपारची, ती घरी राहिलेली. मासळीचा टेम्पो घेऊन चाललेल्या एका दादांनी थांबून जंपर लावला म्हणून निघालो. ते म्हणाले, "साहेब, बॅटरी नवीन दिसते हो." होतीच नवीन. चार महिन्यांची!

पहिला वायरमन म्हणाला, बॅटरी गेली, बदला. बदलली. तीन आठवड्यांत परत तेच. दुसरा म्हणाला, डायनॅमोचा डायोड लीक आहे. डायोड लीक असला तर करंट उलटा जातो हे खरं, पण मग तो मोजा ना! मोजलं नाही, थेट डायनॅमो उतरवला, नवीन डायोड प्लेट टाकली आणि पैसे घेतले. तिसऱ्याने पुन्हा बॅटरीवर बोट ठेवलं. वॉरंटीसाठी दुकानात गेलो तर तिथलं उत्तर, "पूर्ण उतरलेली बॅटरी वॉरंटीत बसत नाही." बसणार कशी? ॲसिडची बॅटरी पुन्हा पुन्हा तळाला गेली की प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो, मग कितीही चार्ज करा, पहिली ताकद येत नाही. म्हणजे रोग गाडीत, आणि त्याच्या तोंडी मी एकामागून एक नवीन बॅटऱ्या देत होतो. साडेआठ हजाराला एक.

शेवटी सहाशे रुपयांचा मल्टिमीटर मी स्वतः आणला. चावी काढली, दारं लावली, मीटरची लाल पिन दहा अँपिअरच्या भोकात घातली. मायनसचं टर्मिनल सोडून मीटर मध्ये घेतला आणि अर्धा तास हात लावला नाही. मध्ये मीटर असताना सेल्फ तेवढा मारायचा नाही, मारला तर मीटरचा फ्यूज उडतो. बस. एवढंच शिकायचं असतं. अशी उभी गाडी 20 ते 50 मिलिअँपिअर खाते, म्हणजे फार तर 0.05 अँपिअर, घड्याळ आणि गाण्यांच्या टेपच्या मेमरीपुरतं. माझ्या मीटरवर आकडा आला 1.28 अँपिअर.

1.28 गुणिले 24 तास, दिवसाला जवळजवळ 31 अँपिअर-तास. बॅटरी 100 ची. दोन दिवसांत साठ गेले. गुहागरचं कोडं शाळेतल्या पोराने सोडवलं असतं, फक्त पहिला आकडा कुणी काढून दिला असता तर.

मग एक-एक फ्यूज काढत गेलो. आतला दिवा, वायपर, हॉर्न, सगळे. आकडा जागचा हलेना. हलणार कसा, कारण चोर फ्यूज बॉक्समध्ये नव्हताच! प्लसच्या टर्मिनलवरचं रबर वर केलं तर जाड केबलीखाली, त्याच नटाखाली, चार बारीक वायरी पिळून कोंबलेल्या. चारही लाल. एकीलाही फ्यूज नाही. कुठली कुठे जाते याची खूण नाही, कागदाचा चिटोरा नाही. वायरिंग करून देणाऱ्याने रोख बावीस हजार घेतले होते. डायग्राम मागितला तेव्हा म्हणाला होता, "माझ्या डोक्यात आहे सगळं, काळजी करू नका."

दहा नंबरचा पाना घेतला आणि एकेक वायर बाजूला केली. पहिली प्रेशर हॉर्नची, दुसरी फॉगलॅम्पची, त्यांचा काही संबंध नाही. तिसरी काढली आणि 1.28 चा 0.16 झाला. चौथी काढली, 0.03. संपलं. दहा महिन्यांचं दुखणं चाळीस मिनिटांत हातात.

तिसरी वायर पलंगाखालच्या, टेपचा आवाज वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरची. परत जोडून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे प्लायचा खण काढून आत हात घातला. डिसेंबरची थंडी, गाडीचा पत्रा गारठलेला, आणि ॲम्प्लिफायर कोमट. टेप बंद, चावी घरात, आणि हा रात्रभर जागा! त्याला चालू करणारी बारीक निळी वायर टेपच्या निळ्या वायरला जोडायची असते, टेप बंद झाला की ॲम्प बंद होतो. या माणसाने ती थेट प्लसला पिळली आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळली. टेपमागून एक वायर ओढायचा कंटाळा केला, एवढंच कारण.

चौथी वायर टूरवाल्याच्या काळातल्या जीपीएस ट्रॅकरची. डॅशबोर्डच्या पोटात केबल टायने बांधलेला, मालक बदलला तरी हा आपला आतली म्हातारी बॅटरी चार्ज करतोय. सीटा काढल्या, लादी बदलली, तेव्हा हा कुणाला दिसला नाही?

पण पैशांचं एक वेळ सोडा. माझा खरा संताप पुढचा आहे. ती ॲम्पची वायर पत्र्याला भोक पाडून आत घेतलीय, आणि भोकाच्या कडेला रबरी रिंग (ग्रोमेट) नाही. गाडीच्या हादऱ्यांनी कडेवर घासून घासून लाल कव्हर फाटलंय, आतलं तांबं बोटाला लागतं. मधे फ्यूज नाही. ते तांबं पत्र्याला टेकलं असतं तर बॅटरीने शेकडो अँपिअर त्या सुतळीएवढ्या वायरीत ओतले असते, ती लालभडक होऊन वरचा प्लाय, त्यावरची गादी पेटली असती. त्या गादीवर माझी आई झोपते. हातभरावर गॅसचा सिलिंडर आहे. एक फ्यूज आणि त्याचा होल्डर पन्नास रुपयांत येतो हो! बावीस हजारांत तुम्हाला पन्नास रुपयांचा फ्यूज टाकावासा वाटला नाही?

त्या वायरिंगवाल्याला फोन केला. म्हणाला, "गाडी घेऊन या, बघतो." गाडी तो आता बघणार नाही. चारही वायरी मी काढून टाकल्यात, आठ फ्यूजचा बॉक्स आणलाय, प्रत्येक वायरीला चिकटपट्टीवर नाव लिहून मी स्वतः बसवतोय. शनिवारी त्याच्याकडे जाणार आहे तो ॲम्प्लिफायर आणि ती फाटकी वायर घेऊन. पैसे परत मागायला.