बांगडो आणि बांगडी

परवा कुडाळच्या आठवडी बाजारात मी बांगडी हुंगताना पकडला गेलो. बांगडीत कुणाचा हात नव्हता, एवढंच माझ्या बाजूने सांगतो.

गोणपाटावर गंजके अडकित्ते, कंदिलाच्या काचा, बिनपायाचा स्टोव्ह असा पसारा होता आणि त्यातच ती पडली होती. मधाच्या रंगाची, जाडजूड, प्लास्टिकच्या मानाने चांगलीच जड. अंगठा आतून-बाहेरून फिरवून पाहिला, साच्याची रेघ कुठेही नाही. आता राहिली वासाची परीक्षा. लिओ बेकलँडने 1907 साली फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून बेकेलाइट हे प्लास्टिक बनवलं. ते अंगठ्याने गरम होईस्तोवर घासलं की आत दडलेला औषधी दर्प बाहेर येतो. सेल्युलॉइड या दुसऱ्या जुन्या प्लास्टिकला कापराचा वास येतो, कारण त्यात कापूर घातलेलाच असतो. दुधातल्या केसीन या प्रथिनापासून केलेल्या गॅलॅलिथला जळक्या दुधासारखा वास येतो. जुनं प्लास्टिक जमवायच्या या माझ्या छंदात नाक हेच भांडवल. मी डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला.

“काय रे झिला, हुंगतंस काय ता?”

शेजारी टोपली घेऊन बसलेली म्हातारी कोळीण होती. मी म्हटलं, “बेकेलाइट आहे का बघतोय, आजी.”

“बांगडो हुंगून घेवचो. बांगडी हातात घालून बघूची!”

गोणपाटवाला हसला. पलीकडचा कोकमवाला हसला. सुरण निवडत असलेल्या दोन बायकांनी सुरण सोडून माझ्याकडे लक्ष दिलं.

“बायलेक घेतंस मां?”

“नाही, मी जमवतो.”

“बायलो?”

“बांगड्या!”

हे मी जरा मोठ्याने बोललो. रिक्षा स्टँडपर्यंत गेलं असावं.

आता याचा मला खरंच राग येतो. कुणी पितळेची समई घासूनपुसून दिवाणखान्यात ठेवली की तो रसिक. प्लास्टिक जमवलं की डोक्याने गेलेला. आमच्या घराघरांतले ते काळे, गोल, खटकन वाजणारे स्विच बेकेलाइटचेच होते, त्याच्या भरवशावर माणसं विजेला बोट लावायला धजावली. पण मान कुणाला? माझ्या आत्याने आजीचा हस्तिदंती रंगाचा सेल्युलॉइडचा कंगवा भंगारात घालून नवी प्लास्टिकची बादली आणली. प्लास्टिक देऊन प्लास्टिक! मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

तो कंगवा इथे टिकला असता का, हा प्रश्न आहेच म्हणा. सेल्युलॉइडला आपली दमट हवा सोसत नाही. एक नग सडायला लागला की त्याच्या आम्लाच्या वाफेने शेजारचेही जातात, पेटीतल्या एका नासक्या हापूसने बाकीचे जावेत तसे. म्हणून माझ्याकडे प्रत्येकाला वेगळी पिशवी आणि आमच्या घरी प्रत्येक पिशवीवरून वेगळं भांडण.

तर, म्हातारीने हात पुढे केला. “हाड हंय. चाळीस वर्सां मासो इकतंय, माजा नाक फसाचा नाय.”

तिने बांगडी घेतली, पदराला घासली, नाकाला लावली, मग दुसऱ्या नाकपुडीला लावली. बाजार थांबला होता.

“फिनेलाचो वास येता,” ती म्हणाली. “हॉस्पिटलात येता तसो.”

मी तिच्या पाया पडणारच होतो! पुस्तकं वाचून, चुका करून, एकदा बोट भाजून मला जे कळलं, ते या बाईला दोन नाकपुड्यांत कळलं. दुर्दैवाने तेच गोणपाटवाल्यालाही कळलं.

“तीनशे,” तो म्हणाला.

“मघाशी वीस म्हणालात!”

“मघाशी म्हातारीन हुंगली नव्हती.”

अडीचशेला घेतली. म्हातारीने वर अर्धा डझन बांगडेही गळ्यात मारले. न घेऊन सांगतो कुणाला, तज्ज्ञाची फी म्हणून घेतले.

घरी येऊन गरम पाण्याखाली धरली, अंगठ्याने घासली, नाकाशी नेली. बांगडा! साबण झाला, चिंच झाली, लिंबू झालं. आज तिसरा दिवस आहे. फिनॉल आत असेलही, पण त्याच्यापर्यंत पोचायला म्हातारीच्या चाळीस वर्षांच्या मासळीतून जावं लागतं, तेवढं माझं नाक तयार नाही.

बायकोने बांगडी पडवीत ठेवायला लावली आहे. शेजाऱ्यांचं मांजर सकाळपासून तिच्यासमोर बसून आहे.