नवाचा जी

काल सरांनी माझ्या जर्नलवर लाल पेनाने फुली मारली. प्रॅक्टिकल नंबर चार, गिट. शेरा : आउटपुट चुकीचे.

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंदवही. दर नोंदीला, म्हणजे कमिटला, ते ४० अक्षरांचा एक हॅश चिकटवतं. फायलींतला मजकूर, करणाऱ्याचं नाव, सेकंदापर्यंतची वेळ, सगळं एकत्र दळून काढलेलं पीठच ते. एक सेकंद इकडचा तिकडे झाला की सगळा हॅश बदलतो. हे पीठ मी स्वतःच्या लॅपटॉपवर दळलं आणि निळ्या पेनाने जर्नलात उतरवलं. आमच्याकडे सॉफ्टवेअर चालवून दाखवायचं नसतं, लिहून दाखवायचं असतं.

"बाकीच्यांचं बघ," सर म्हणाले. "बत्तीस जणांचं एकच उत्तर आलंय. तुझंच वेगळं कसं?"

"सर, प्रत्येकाचं वेगळंच यायला हवं."

"म्हणजे बत्तीस जण चूक आणि तू एकटा शहाणा?"

हो म्हणायची फार इच्छा झाली. पण टर्म वर्कचे मार्क त्यांच्या हातात.

मी गठ्ठ्यातली जर्नलं चाळली. नावं वेगळी, रोल नंबर वेगळे. कमिट मात्र सगळ्यांनी सोमवारी दुपारी २ वाजून १४ मिनिटं ३७ सेकंदांनी केलेलं. इतकी एकी आमच्या वर्गात मास बंकलाही दिसत नाही. शिवाय प्रत्येक हॅशच्या मधोमध एक ठसठशीत रोमन जी.

"सर, यात जी येऊच शकत नाही. शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ अक्षरं, बस्स. कुणाचा तरी नऊ उतरवताना जी झालाय."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. जीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अरे, गिटच आहे ना हे? मग जी असणारच की!"

चहा घेऊन आलेले मामा म्हणाले, "बरोबर आहे सरांचं."

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली गिट लिहिलं. बिटकीपर नावाचं जे साधन लिनक्सवाले वापरत होते, त्याची फुकटची परवानगी गेली आणि हा बाबा स्वतःच लिहायला बसला. काही दिवसांत गिटचा कोड गिटमध्येच ठेवता येऊ लागला. आम्हाला त्यातली एक कमांड जर्नलात चढवायला तीन आठवडे लागले. इंग्रजांच्या बोलीत गिट ही शिवी आहे, आणि मी माझ्या प्रकल्पांना माझंच नाव देतो असं तो गमतीने म्हणाला होता. ते नाव आणखी कुणाला शोभेल, हे मी टर्म वर्कचे मार्क लागल्यावर सांगेन.

आमच्या लॅबमध्ये अजून टर्बो सी या प्रोग्रॅम लिहायच्या जुन्यापुराण्या सॉफ्टवेअरचा निळा पडदा आहे. गिट एकाही मशीनवर नाही. फी मात्र दरवर्षी नव्या व्हर्जनची. परवा इंटर्नशिपच्या मुलाखतीत विचारलं, मर्ज कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली, तर काय करतोस? मी व्याख्या सांगितली, फायदे पाच सांगितले. समोरची बाई म्हणाली, व्याख्या नको, करून दाखव. आजवर हे मला कुणी म्हणालंच नव्हतं. लॅपटॉप पुढे सरकवला तर मी आधी खिशातलं पेन चाचपलं.

असो. काल रात्री टॉपरचं जर्नल आणून प्रॅक्टिकल चार पुन्हा लिहिलं, जीसकट. आज सही मिळाली. घाईत माझ्याकडून एका शून्याचा ओ झालाय; ज्युनिअर मंडळींनी तो तसाच ठेवावा.