साध्या स्विचवर का भागलं नसतं

नमस्कार साहेब. ‘तीन मशिनांचा डेटा ऑफिसात आणायला एक नेटवर्क स्विच पुरला असता, यांनी तीन राउटर गळ्यात मारले, काम लांबवलं आणि घरून मशीन बघायची सोयही नाकारली,’ असं तुम्ही माझ्या कामाबद्दल लिहिलंय.

तुमची तिन्ही पॅकिंग मशिनं एकाच उत्पादकाची. तिन्हींच्या पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) १९२.१६८.०.१, आणि आतल्या ड्राइव्हची, म्हणजे मोटर चालवणाऱ्या युनिटची, प्रोफिनेट (मशिनच्या आतलं नेटवर्क) नावंही तीच. एका स्विचवर, म्हणजे एकाच नेटवर्कवर, जोडली असती तर आयपी भिडले असते. शिवाय लाइट जाऊन आली की पीएलसी आपला ड्राइव्ह नावाने शोधतो. एकाच नावाचे तीन सापडले की मशीन सुरूच होत नाही. आयपी बदलायचा तर प्रोग्रॅमला उत्पादकाचा पासवर्ड, आणि हार्डवेअर कॉन्फिगरेशन डाउनलोड करताना तुमचा पीएलसी, एस७-१२००, स्टॉपला जातो, म्हणजे मशीन थांबतं. चालू लाइनवर, वॉरंटीतल्या मशिनवर मी ते करणार नाही. म्हणून प्रत्येक मशिनपुढे नॅट राउटर, म्हणजे आतला पत्ता बाहेर वेगळा दाखवणारा राउटर. आत काहीही बदललं नाही, ऑफिसला मात्र तीन वेगळे आयपी दिसतात.

वेळ गेला तो पिंगपायी, म्हणजे ऑफिसातून पीएलसीला हाक मारून उत्तर येतं का ते बघण्यात. राउटरच्या मशिनकडच्या पोर्टवर वायरशार्क (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं सॉफ्टवेअर) लावला तेव्हा दिसलं, विनंती आत जातेय, उत्तर बाहेर येत नाही. पीएलसीत डिफॉल्ट गेटवेच (बाहेर जायच्या वाटेचा पत्ता) भरलेला नव्हता, त्यामुळे दुसऱ्या सबनेटला, म्हणजे नेटवर्कच्या दुसऱ्या भागाला, उत्तर कुणाच्या हाती द्यायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. मग सोर्स नॅट लावलं. राउटर आता विनंती स्वतःच्या, मशिनच्याच सबनेटमधल्या आयपीवरून पुढे करतो. त्यानंतर पोर्ट १०२ वर, म्हणजे पीएलसीचा डेटा मिळतो त्या दारावर, वाचन सुरू झालं, तेही फक्त तुमच्या सर्व्हरपुरतं उघडं आहे.

घरून बघायला ब्रॉडबँडवर पोर्ट फॉरवर्ड करून द्या, म्हणजे पीएलसी थेट इंटरनेटवर उघडा करा म्हणालात, त्याला मी आजही नाहीच म्हणेन. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत अलिक्विपा या शहराच्या पाणीपुरवठ्याचा पीएलसी असाच इंटरनेटवर उघडा होता. हॅकरांनी तो ताब्यात घेतला आणि पंपिंग हाताने चालवावं लागलं. तुमच्या मशिनवर माणसं हात घालून काम करतात, साहेब. घरून सुरक्षित जोडणी देणारा व्हीपीएन कोटेशनमध्ये होता, तो तुम्ही वगळलात. त्याच दरात अजूनही बसवून देतो.

आयपीचा तक्ता प्रत्येक पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलाय. राउटरचे बॅकअप आणि पासवर्ड तुमच्या मेंटेनन्स मॅनेजरकडे दिलेत. पुढे दुसरा इंजिनिअर बोलावलात तरी त्याचं काम अडणार नाही.