रतीबाची वही

गेल्या रविवारी माझी पावाच्या रतीबाची तिसरी वही संपली. चौथी वही काढून तिच्यात नावे उतरवून घ्यायला बसले, तेव्हा सहज पहिली वहीही शेजारी उघडून ठेवली. २०१७ साली तिच्या पहिल्या पानावर चौदा गिऱ्हाइकांची नावे होती. त्यांतली नऊ मी चौथ्या वहीत पुन्हा लिहिली. उरलेल्या पाचांपैकी दोघे आता हयात नाहीत, एक कुटुंब मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि दोघांना डॉक्टरांनी गहू बंद केला. पाव आवडेनासा झाला म्हणून त्या पानावरचे एकही नाव गळलेले नाही, हे ध्यानात आल्यावर मी बराच वेळ पेन हातात धरून तशीच बसून राहिले. ज्यांच्याविषयी हे लिहीत आहे, त्यांतले बहुतेक जण ही पोस्ट वाचतील. समोर उभे राहून हे बोलायला मला संकोच वाटतो, म्हणून लिहून सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर मी वेंगुर्ल्यात घरामागच्या परसात लाकडावर चालणाऱ्या विटांच्या भट्टीत बुधवारी आणि शनिवारी पाव भाजते. बाजारातले खमीर न घालता, नुसते पीठ आणि पाणी आंबवून जपलेल्या विरजणावर हा पाव फुगतो. शहरात त्याला सावरडो म्हणतात. आमच्या भागाला पाव नवा नाही. हा शब्दच पोर्तुगीजांकडून आला, आणि गोव्याच्या शेजारच्या आमच्या गावांत सायकलच्या मागे टोपली बांधून भोंगा वाजवत येणारा पाववाला हे आमच्या लहानपणी सकाळचे घड्याळ होते. पूर्वी गोव्याकडच्या भट्ट्यांमध्ये पीठ माडीवर आंबवत. मी करते तेही त्याच घराण्यातले आहे, फक्त वेळ अधिक घेणारे आहे, आणि त्या पाववाल्यांच्या उंड्यापेक्षा, म्हणजे त्यांच्या गोल पावापेक्षा, माझा पाव श्रेष्ठ आहे असे मी कधीही मानले नाही. उलट रतीबाची पद्धत मी त्यांच्याकडूनच उचलली. दुधाचा असतो तसा पावाचा रतीब. कोणत्या घरी किती उंडे ठेवायचे हे पाववाल्याला पाठ असे, आणि पाहुणे यायचे असले तरच आई खिडकीतून ‘उद्या चार जास्त’ म्हणून सांगत असे.

माझ्या पावाला रतीबावाचून आधारच नाही, हे मला नीट समजावून सांगायचे आहे. शनिवारी सकाळी तुमच्या हातात येणाऱ्या पावाची सुरुवात गुरुवारी रात्री होते. विरजण फ्रिजमधून काढून त्याला ताजे पीठ आणि पाणी द्यायचे, शुक्रवारी सकाळी पुन्हा द्यायचे, ते दुपटीने वर आले की दुपारनंतर पीठ भिजवायचे. एक किलो पिठाला सातशे ग्रॅम पाणी, दोनशे ग्रॅम विरजण आणि वीस ग्रॅम मीठ हे माझे प्रमाण आहे, पण कोकणात प्रमाणापेक्षा हवेचे जास्त ऐकावे लागते. मे महिन्यात रात्रीसुद्धा स्वयंपाकघरात तीस अंश उकाडा असतो आणि पीठ बघता बघता उतू जाते, म्हणून पाण्यात बर्फ घालते. जुलैत पोत्यातले पीठच दमट झालेले असते, तेव्हा पाणी हात आखडून घालते. रात्री दोनला चुडतांची, म्हणजे माडाच्या सुक्या झावळ्यांची, पेटवण करून भट्टी पेटवायची, लाकडाचे निखारे झाले की ते ओढून काढायचे, ओल्या फडक्याने तळ पुसायचा, उष्णता सगळीकडे सारखी होऊ द्यायची, आणि पहाटे पाचच्या सुमारास पाव आत सारायचे. पुढे पाऊण तास भाजायला आणि निदान एक तास निवायला. हे सगळे करायचे तर शनिवारी किती पाव लागणार हे मला गुरुवारीच माहीत असावे लागते. दुकानात मांडून कोणी येईल का याची वाट पाहत बसावे, असा हा माल नाही. आमच्या पावसाळी हवेत तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याला बुरशी धरते.

शिवाय गहू आमच्याकडे पिकत नाही, आमची जमीन भाताची. माझा खपली गहू सांगली-कोल्हापूरकडून घाट उतरून येतो, आणि पावसात आंबोली घाटात दरड आली की पोती दोन-दोन दिवस वरच अडकून राहतात. अशा वेळी वहीतल्या प्रत्येक घरी निरोप जातो की या शनिवारी पाव मिळणार नाही, आणि प्रत्येक घरून एका शब्दाचे उत्तर येते, ‘चालेल’. त्या ‘चालेल’वर एखादा घरगुती धंदा कसा उभा राहतो, हे ज्याने तो केला आहे त्यालाच कळेल.

मात्र देऊ ते निमूट घेऊन जाणारे गिऱ्हाईक चांगले, असे मला वाटत नाही. पहिल्याच वर्षी मृग लागल्यानंतर, मासेमारी सोडलेले बंदरावरचे एक काका सकाळी नेलेला पाव दुपारी परत घेऊन आले. पाव सुती फडक्यात गुंडाळलेला आणि मधोमध कापलेला होता. त्यांनी तो ओट्यावर ठेवला, आतल्या गाभ्यावर अंगठा दाबला आणि उचलला. अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला. नीट भाजलेला पाव दाबला की हळूहळू पुन्हा वर येतो, हा येत नव्हता. काका म्हणाले, “बाये, हो पाव आतून ओलो रवलो हा. लाकूड भिजलेला काय तुझा?” लाकूड खरोखरच दमट होते. भट्टी धुमसत राहिली होती, वरून पाव छान तांबूस दिसत होता आणि त्या रंगावर मी फसले होते. मी पैसे परत करू लागले, तर त्यांनी हात मागे घेतला. “पैशे नको. फुडच्या शनवारी बरो दी.”

त्या वर्षापासून आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, बेगमीत मिठाबरोबर आणि मसाल्यांबरोबर माझे लाकूडही असते. मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ते कोरडे करून आडोशाला गेलेच पाहिजे, आणि तो आडोसा म्हणजे त्याच काकांची जाळी ठेवायची जुनी खोप आहे. ती त्यांनी आपणहून देऊ केली, भाडे कधी घेतले नाही. शिवाय तेव्हापासून मी प्रत्येक पाव उलटा करून बोटाच्या पेराने तळावर टकटक करते. आवाज पोकळ आला तरच तो टोपलीत जातो.

नाचणीच्या पावाचे श्रेय तर सर्वस्वी जवळच्या उभादांडा गावातल्या एका आजींचे आहे. नाचणी आमच्या कोकणातली, म्हणून ती पावात यावी असे मला फार वाटे, पण नाचणीच्या पिठाला गव्हासारखा ताण नसतो, ते कच्चेच मिसळले की पाव कापताना भुगा होई. तीन-चार आठवडे आजींनी तो भुगाही पैसे देऊन नेला. मग एका बुधवारी पायरीवर बसून म्हणाल्या, “गो, नाचणी कच्ची कित्याक घालतस? भाकरीक उकड काढतस तशी काढ मां.” मी तसे केले. उकळत्या पाण्यात नाचणीचे पीठ शिजवून, ती उकड पूर्ण थंड करून गव्हाच्या पिठात मळली. शिजल्यामुळे पिठाने पाणी धरून ठेवले आणि दुसऱ्या दिवशीही पाव मऊ राहिला. युरोपात रायच्या पावासाठी अशीच युक्ती वापरतात, हे मी पुष्कळ नंतर वाचले. हयात नसल्यामुळे ज्या दोघांची नावे चौथ्या वहीत लिहिता आली नाहीत, त्यांतल्या या आजी एक. त्यांची सून आता तोच पाव नेते, पण वहीत ती तिच्या नावाने आहे, आणि ते उतरवताना माझा हात थोडा थांबला.

तौक्ते वादळाच्या वेळची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक आहे, म्हणून लांबवत नाही. १६ मे २०२१, रविवार होता. वादळ आमच्या किनाऱ्याजवळून वर सरकले, माड मोडले, तारा तुटल्या आणि आमच्या वाडीत त्यानंतर सहा दिवस वीज नव्हती. फोन लागत नव्हते, त्यामुळे कोणाला पाव हवा आणि कोणाला नको हे विचारायची सोय नव्हती. भट्टीला विजेची गरज नसते. वहीत शनिवारचे तेवीस पाव होते, मी हाताने मळून तेवीसच केले. सकाळी एकवीस घरांतून माणसे आली, कोणताही निरोप गेलेला नसताना, चिखलातून, मोडलेल्या फांद्या ओलांडून. उरलेले दोन पाव शेजारच्यांनी त्या दोन घरी पोहोचवले. ‘तू करणार हे माहीत होतं,’ असे त्यांतल्या एक बाई सहज म्हणाल्या. माझ्या कामाबद्दल यापेक्षा मोठे काही मला कोणी सांगितलेले नाही.

आणि तरीही पुढच्याच वर्षी मी याच माणसांशी चुकीचे वागले. हे आजवर कुठे लिहिलेले नाही, पण कृतज्ञतेविषयी लिहायचे आणि हे गाळायचे हे बरे दिसत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये किनाऱ्यावरच्या एका मोठ्या रिसॉर्टने वर्षअखेरीच्या मेजवानीसाठी साठ पाव सांगितले. ३१ तारीख शनिवारची होती. माझ्या भट्टीत एका वेळी चोवीस पाव मावतात, साठ म्हणजे तीन घाण्या, आणि त्याहून जास्त मला एकटीला झेपत नाही. मी मोठ्या आकड्याला भुलले. वहीतल्या सगळ्या घरी कळवले की या शनिवारी तुमचा रतीब बंद राहील. सगळ्यांनी नेहमीप्रमाणे ‘चालेल’ म्हटले. आगाऊ रक्कम मागायचेही मला सुचले नव्हते. शुक्रवारी रात्री आठला फोन आला की पाव आता मुंबईहून येतो आहे, तुमचा नको. त्या वेळी साठ पावांचे पीठ भांड्यांत अर्धे फुगून वर आलेले होते. आंबलेले पीठ थांबत नाही, म्हणून रात्रभर जागून मी सगळे पाव भाजले, आणि पहाटे साडेपाचला, ज्यांना नाही म्हटले होते त्यांनाच निरोप पाठवला. तो निरोप लिहिताना मला जी लाज वाटली, ती मी विसरलेले नाही.

सातच्या आधी खोपीवाले काका दारात उभे होते. टोपलीकडे बघून म्हणाले, “म्हणजे आमचो पाव शेवटाक आमकाच गावलो.” त्यांनी तीन पाव घेतले. कोणी दोन नेले, एका कुटुंबाने पाहुण्यांसाठी म्हणून आठ नेले. दुपारपर्यंत सत्तेचाळीस गेले, तेरा उरले, ते मी वाटून टाकले. कोणीही मला टोचून बोलले नाही. फक्त पहिल्या पानावरच्या एक निवृत्त शिक्षिका पैसे देताना म्हणाल्या, “पुढच्या वेळी असं काही आलं, तर आधी आम्हाला विचार.” त्यांचे म्हणणे अगदी रास्त होते, आणि मी ते नियम म्हणून धरले. शनिवारची भट्टी आता वहीतल्या घरांची आहे. बाहेरची मागणी आली तर ती सोमवारी, अर्धी रक्कम आधी घेऊन. याच बाईंनी पूर्वी, लाकूड आणि पीठ महागल्यावर मी भाव वाढवायला दोन महिने घाबरत होते तेव्हा, ‘भाव वाढव, वजन कमी करू नकोस’ असे स्पष्ट सांगितले होते. दोन्ही वेळा त्या बरोबर होत्या.

धंदा वाढवण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. नव्या माणसाला पहिल्या पावावर सवलत द्या, असे ते आग्रहाने सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. इतकी वर्षे जो न कुरकुरता पूर्ण भाव देतो, त्याच्या डोळ्यांदेखत काल आलेल्याला तोच पाव स्वस्तात द्यायचा, हा मला सरळ अन्याय वाटतो. नवे आलेले जरूर यावेत, त्यांनाही तोच पाव आणि तोच भाव. द्यायचेच झाले, तर मी जुन्यांना वेळ देते. कोणाला दात नाहीत म्हणून कवच कमी भाजलेला पाव हवा असतो, कोणाला डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेले असते, एका घरातल्या मुलाला टोकाचा कडक तुकडाच लागतो म्हणून त्यांचा पाव मी लांबट वळते. हे सगळे वहीत नावापुढे लिहिलेले असते आणि नव्या वहीतही जसेच्या तसे उतरवले आहे.

नव्या वहीत एकतीस नावे झाली आहेत. शनिवारसाठी आणखी चारच घरे घेता येतील, ज्यांना हवे असेल त्यांनी गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवावे. पाव नेहमीप्रमाणे आठनंतरच न्यायला यावे. गरम पाव कापला की आतली वाफ निघून जाते आणि गाभा चिकट होतो, त्यामुळे लवकर येऊन मागितला तरी मी देणार नाही. आणि काका, यंदाच्या लाकडाचा टेम्पो सोमवारी सकाळी येणार आहे, तेव्हा रविवारी नातवाबरोबर खोपीची किल्ली तेवढी पाठवून द्या.