नानांची वही

परवा संध्याकाळी आमच्या सोसायटीची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत मी, आमचे हे आणि भाजीची पिशवी. जुनी जाळीच्या दाराची लिफ्ट आहे, अडकते. तक्रार त्याबद्दल नाहीच.

शेजारच्या जिन्यावरून नाना चढत होते. नाना आमचे खजिनदार. जाळीपाशी थांबले, वाकून आत पाहिलं आणि तृप्त चेहऱ्याने म्हणाले, "वाटलंच मला. वहिनी आहेत ना आत?"

"नाना, मशीनरूमची किल्ली आणा हो."

"आणतो, आणतो," म्हणत गेले आणि बऱ्याच वेळाने आले. हातात किल्ली नव्हती, शंभर पानी वही होती. पहिल्या पानावर 'श्री', खाली 'लिफ्ट'.

"राग मानू नका, पण हे ऐका. पाडवा, वहिनी. वटपौर्णिमा, वहिनी. गणपती आणायचा दिवस, वहिनी."

"गणपतीला मी घरात मोदक वळत होते!"

"तुम्ही वळत होतात. पण तुमच्या माहेरची माणसं लिफ्टनेच आली ना?"

"आणि मे महिन्यात बंद पडली तेव्हा? मी रत्नागिरीला होते."

नानांनी पान उलटलं. "बॅगा घेऊन लिफ्टने उतरलात आणि दुसऱ्याच दिवशी बंद. तारीख आहे माझ्याकडे."

"अहो, मी दिवसातून कितीदा वर-खाली करते, तेव्हा चालतेच की! ते कुठे लिहिलंय?"

नानांनी माझ्याकडे अपार करुणेने पाहिलं. "चाललेली लिफ्ट कोण लिहून ठेवतं, वहिनी?"

यावर काय बोलणार? इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनने 1620 साली एक जुनी गोष्ट सांगून ठेवली आहे. एका देवळात चित्रं टांगलेली होती. नवस बोलल्यामुळे जहाज फुटूनही वाचलेल्या लोकांची. ती दाखवून एकाला विचारलं, आता तरी देवाची सत्ता मानतोस ना? तो म्हणाला, मानतो, पण नवस बोलूनही बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत? आपल्या समजुतीला जुळतं तेवढंच मोजायचं, बाकीचं सोडून द्यायचं, याला आमची मुलगी कन्फर्मेशन बायस म्हणते. मी नाना म्हणते.

पिशवीतली कोथिंबीर माना टाकायला लागली होती. नाना म्हणाले, "एकदा पत्रिका दाखवून घ्या. शनी असणार." आता मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, नाना, आपल्या पुण्यातच जयंत नारळीकरांनी पत्रिकांची चाचणी घेतली होती, 2008 साली निकाल लागला. शंभर हुशार मुलं, शंभर मतिमंद मुलं, त्यांच्या कुंडल्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला चाळीस कुंडल्या पाठवल्या आणि विचारलं, यातली हुशार कोण ते ओळखा. 51 जणांनी कुंडल्या मागवल्या, उत्तरं 27 जणांनीच पाठवली आणि बरोबर किती आली? सरासरी 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मी आली असती!

नाना जाळीला नाक लावून ऐकत होते. "शेहेचाळीस? अहो, पस्तीसला पास करतात!"

"नाना..."

"आणि उरलेले चोवीस जण? खरे विद्वान तेच. असल्या परीक्षांना ते बसतच नाहीत." मग खिशातून पेन काढून त्यांनी आजची तारीख घातली.

आता मुद्द्याचं सांगते. वहीत परवाच्या तारखेपुढे लिहिलंय 'वहिनी'. शेजारी हे उभे होते. साडेपाच फूट उंच, वजन माझ्यापेक्षा पंधरा किलो जास्त. लिफ्टचं बटण यांनीच दाबलं होतं. पण यांचं नाव अख्ख्या वहीत एकदाही नाही. पायगुण म्हणून जो असतो तो सुनांना, वहिन्यांना असतो. पुरुषांना नुसते पाय असतात. लग्नानंतर वर्षभरात सासऱ्यांची बढती झाली आणि सासूबाईंचा हात मोडला. बढती त्यांच्या कष्टाची होती. हाताचं काय ठरलं ते तुम्हाला कळलंच असेल.

शेवटी वॉचमनने किल्ली आणून आम्हाला बाहेर काढलं. काल मेकॅनिक येऊन गेला. त्याने झिजलेला भाग सगळ्यांना दाखवला. दाराचा काँटॅक्ट. दार नीट लागलं तरी मशीनला ते उघडंच वाटतं, मग लिफ्ट जागची हलत नाही. म्हणाला, "एएमसी चालू असती तर केव्हाच बदलला असता." एएमसी म्हणजे लिफ्टच्या देखभालीचा वार्षिक करार. तो गेल्या वर्षी काटकसर म्हणून नानांनीच बंद केला. मी नानांकडे पाहिलं. नाना वहीत लिहीत होते: मेकॅनिक आला, वहिनी हजर, काम झाले नाही. काम झालं नाही कारण नव्या काँटॅक्टचे पैसे खजिनदारांनी मंजूर केले नाहीत.

रात्री कमिटीची तातडीची मीटिंग झाली. एएमसीचा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेवर ढकलला. लिफ्टची शांत करायचं मात्र एकमताने ठरलं, प्रत्येक फ्लॅटमागे पाचशे एक रुपये. शांतीनंतर लिफ्ट दोन दिवस जरी धड चालली, तरी ते दोन दिवस वहीत ठळक अक्षरांत येणार.

आमच्या घरचे पाचशे एक यांनी मीटिंगमध्ये बसल्या बसल्याच पाठवले. वर मला म्हणतात, "जाऊ दे गं, कशाला वाकडं घ्यायचं? आणि तोवर तू जिन्यानेच जा ना."