चाकाबरोबर पाटही जपा

इंग्लंडमध्ये शेफिल्डला आल्यापासून सुट्टीच्या दिवशी मी पोर्टर ब्रुक या ओढ्याच्या काठाने चालायला जाते. ओढा एवढासा, पण झाडीतून वर चढत गेलं की थोड्या थोड्या अंतरावर बांध, तळं, गवतात बुजलेला दगडी पाट, कुठे नुसता चाकाचा खड्डा उरलेला. एका चाकावरून पडलेलं पाणी खालच्या तळ्यात जायचं आणि तिथून पुढचं चाक फिरवायचं. त्यातल्या शेफर्ड व्हीलचा पहिला लेखी उल्लेख १५८४ च्या एका मृत्युपत्रात आहे, साधारण साडेपाच मीटर व्यासाचं चाक, त्यावर १९३० पर्यंत चाकू-सुऱ्यांना धार लावायचे. साणीवर वाकून बसणाऱ्या त्या कामगारांच्या फुफ्फुसात दगडाची धूळ जायची आणि कितीतरी जण तरुणपणीच गेले, हेही तिथे फिरताना विसरता येत नाही.

आमच्या संभाजीनगरच्या फॅमिली ग्रुपवर नहरींचा, म्हणजे जमिनीखालून शहरात पाणी आणणाऱ्या जुन्या कालव्यांचा, विषय निघाला की दोन तट पडतात. काका म्हणतात, नळाला कितीतरी दिवसांनी एकदा पाणी येतं आणि तुम्हाला जुन्या नहरी जपायच्यात? काकांचा राग मला शंभर टक्के पटतो, पण निष्कर्ष नाही पटत. आपल्या शहरातली पाणचक्की म्हणजे नुसतं ते पाण्यावर फिरणारं जातं नाही ना, डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून कित्येक किलोमीटर आणून, उंचीवर चढवून, हौदात पाडलं आणि त्या जोरावर दर्ग्यातल्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी पीठ दळलं, म्हणजे ती अख्खी पाण्याची व्यवस्थाच होती. मलिक अंबरची नहर तर त्याच्याही आधीची, सतराव्या शतकातली. आपण जातं आणि हौद बघायला तिकीट काढतो आणि नहरीवर बांधकाम झालं तर कुणाला पत्ताही नसतो.

इथे शेफिल्डला तळी, पाट, बांध जागेवर आहेत म्हणून चाक कसं फिरायचं ते लहान पोरालाही कळतं. अर्थात इथल्या लोकांनी सगळं शहाणपणाने केलं असं अजिबात नाही, खाली शहरात हाच ओढा त्यांनी कारखान्यांखाली गाडला होता, २०१६ मध्ये माटिल्डा स्ट्रीटजवळ त्याचा एक तुकडा पुन्हा उघडा करून छोटी बाग केली. आपल्याकडे मात्र नाल्यावर स्लॅब टाकून पार्किंग करायची मागणी अजून होते, तेव्हा मला खरंच भीती वाटते.

नहरीने आजच्या एवढ्या मोठ्या शहराची तहान भागणार नाही, मान्य. पण तिचा मार्ग कुठून कुठे जातो, नळातली हवा सुटायला बांधलेले उच्छ्वास कुठे उरलेत, एवढं तरी विकास आराखड्याच्या नकाशावर आलंच पाहिजे, म्हणजे परवानगी देताना कुणी तरी ते बघेल. काका, पुढच्या खेपेला मी आले की आपण दोघं पाणचक्कीपासून डोंगराकडे चालत जाऊ.